अपराजितांच्या खांद्यावरचे ओझे

कनेटिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने जिंकण्याचे मोजमापच बदलून टाकले. त्या यशाची किंमत मात्र दरवर्षी नव्याने येणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलींना चुकवावी लागते.

३१ मार्च २०१७ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात महिलांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा उपान्त्य सामना रंगला होता. जादा वेळेच्या अगदी अखेरच्या क्षणी मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या मॉर्गन विल्यम या पाच फूट पाच इंच उंचीच्या खेळाडूने चेंडू बास्केटमध्ये टाकला आणि कनेटिकट विद्यापीठाचा संघ ६६-६४ असा पराभूत झाला. त्या मोसमातील छत्तीस सामने हा संघ जिंकला होता. हरला तो फक्त हा एक. पण दुसऱ्या दिवशीची ठळक बातमी त्या एका पराभवाची होती. कारण त्यापूर्वी सलग १११ सामन्यांत हा संघ हरलेलाच नव्हता!

पुढच्या वर्षी हेच घडले. पुन्हा छत्तीस विजय, पुन्हा उपान्त्य सामना, पुन्हा जादा वेळ आणि नोत्र दाम विद्यापीठाकडून ९१-८९ असा पराभव. दोन मोसमांत ७२ विजय आणि दोन पराभव ही कामगिरी कोणत्याही संघाने मिरवावी अशी. कनेटिकटमध्ये मात्र तिची नोंद 'हुकलेली विजेतेपदे' अशी झाली. सतत जिंकणाऱ्या संघाला हरण्याची मुभा उरत नाही आणि जिंकण्याचा आनंदही पुरतेपणी लाभत नाही, हे या संघाच्या चार दशकांच्या वाटचालीत वारंवार दिसून येते.

शून्यातून उभे राहिलेले साम्राज्य

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांना जे स्थान आहे, त्याची कल्पना आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांवरून येणार नाही. हजारो प्रेक्षकांची क्रीडागृहे, दूरचित्रवाणीचे कोट्यवधी डॉलरचे करार आणि गावोगावचे निष्ठावंत चाहते असे त्याचे स्वरूप आहे. मुलींना मात्र या वैभवात बराच काळ स्थान नव्हते. १९७२ मध्ये संमत झालेल्या 'टायटल नाइन' या कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली आणि मुलींच्या खेळांना आधार मिळाला. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था असलेल्या 'एनसीएए'ने महिलांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली ती १९८२ मध्ये.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, जीनो ऑरिएमा कनेटिकट विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. इटलीत जन्मलेले आणि वयाच्या सातव्या वर्षी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले ऑरिएमा तोवर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. विद्यापीठाच्या महिला संघाची कीर्तीही बेताचीच होती. पराभवांपेक्षा विजय अधिक, असा मोसम त्या संघाच्या इतिहासात तोवर एकच होता. ऑरिएमा यांच्या पहिल्या मोसमातही संघाने बारा सामने जिंकले आणि पंधरा गमावले. त्यानंतर मात्र त्यांच्या वाट्याला असा मोसम पुन्हा आला नाही. १९९१ मध्ये संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत, म्हणजे 'फायनल फोर'मध्ये पोहोचला. १९९५ मध्ये रिबेका लोबो आणि तिच्या सहकाऱ्यांनी ३५ पैकी ३५ सामने जिंकून पहिले विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात त्यांनी हरवले ते त्या काळातील सर्वांत दबदबा असलेल्या टेनेसी विद्यापीठाला.

२०२५ अखेर या संघाच्या नावावर बारा राष्ट्रीय विजेतेपदे आहेत आणि त्यांपैकी सहा एकही सामना न गमावता मिळवलेली आहेत. सू बर्ड, डायना टॉरासी, माया मूर, टीना चार्ल्स, ब्रिआना स्टुअर्ट अशा ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या खेळाडू याच संघातून घडल्या.

राज्याचा संघ, घरचा संघ

हे विद्यापीठ, चाहत्यांच्या भाषेत 'यूकॉन', स्टॉर्स या छोट्या गावात आहे. राज्याची राजधानी हार्टफर्ड तेथून चाळीसएक किलोमीटरवर. १९९७ मध्ये हार्टफर्डचा व्यावसायिक आइस हॉकी संघ नॉर्थ कॅरोलायना राज्यात निघून गेला आणि अमेरिकेतील चार मोठ्या व्यावसायिक लीगपैकी एकातही कनेटिकटचा संघ उरला नाही. राज्याचा सगळा क्रीडाभिमान विद्यापीठाच्या बास्केटबॉलभोवती एकवटण्यामागे हेही एक कारण आहे. १९९०च्या दशकातच राज्याच्या सार्वजनिक वाहिनीने महिला संघाचे सामने दाखवण्यास प्रारंभ केला आणि या मुली घराघरांत पोहोचल्या. स्थानिक वृत्तपत्रांचे प्रतिनिधी या संघाचा पाठपुरावा व्यावसायिक संघाच्या तोडीने करू लागले.

महिला क्रीडापटूंकडे कोणी फिरकत नसे त्या काळात लाभलेले हे प्रेम मोलाचेच होते. पण प्रेमाच्या पाठोपाठ हक्कही येतो. ज्या संघाची रोज चर्चा होते, त्याच्या दहा गुणांनी मिळवलेल्या विजयातही 'आज काहीतरी बिनसले' असे म्हणणारे निघतात. समोरच्या संघाला पन्नास गुणांनी हरवणे ही ज्यांची ओळख बनली, त्यांचा साधा विजय लोकांच्या लेखी अपुरा ठरू लागला.

विजयमालिकेचा काच

यूकॉनच्या इतिहासात तीन प्रदीर्घ विजयमालिका आहेत. पहिली ७० सामन्यांची. ती २००३ मध्ये विलानोव्हाने खंडित केली. दुसरी ९० सामन्यांची. ती स्टॅनफर्डने ३० डिसेंबर २०१० रोजी संपवली. तिसरी १११ सामन्यांची. यांपैकी दुसऱ्या मालिकेने वेगळाच वाद ओढवून घेतला. जॉन वुडन यांच्या प्रशिक्षणाखाली 'यूसीएलए'च्या पुरुष संघाने १९७१ ते १९७४ या काळात सलग ८८ सामने जिंकले होते आणि तो विक्रम अमेरिकेत जवळजवळ पूजनीय मानला जाई. यूकॉनच्या मुली त्या आकड्याजवळ पोहोचताच 'महिलांच्या विजयांची पुरुषांच्या विजयांशी तुलना करावी का?' असा प्रश्न उपस्थित झाला. या नाराजीचे मूळ केवळ मुली हा विक्रम मोडत आहेत यात आहे, असे ऑरिएमा यांनी उघडपणे बोलून दाखवले. २१ डिसेंबर २०१० रोजी फ्लोरिडा स्टेटला हरवून संघाने ८९वा विजय नोंदवला. पुढचा सामना जिंकून मालिका नव्वदवर गेली आणि नऊ दिवसांतच ती संपुष्टात आली.

मालिका जसजशी लांबते, तसतसा तिचा स्वभाव बदलतो. प्रारंभी ती खेळाडूंची असते. पुढे खेळाडूच तिचे होतात. प्रत्येक प्रतिस्पर्धी संघ यूकॉनविरुद्धच्या सामन्याला मोसमातील सर्वांत मोठी लढत मानून उतरतो. हरला तर कोणी दोष देत नाही, जिंकला तर इतिहास घडतो. यूकॉनच्या बाजूने मात्र हिशेब नेमका उलटा असतो. जिंकून नवे काही हाती लागत नाही आणि हरल्यास सर्व काही गेल्यासारखे वाटते.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला 'प्रॉस्पेक्ट थिअरी' हा सिद्धान्त येथे आठवावा. माणूस नफा-तोटा शून्यापासून मोजत नाही. मनाशी धरलेल्या एका पातळीपासून मोजतो आणि त्या पातळीच्या वर मिळालेल्या सुखापेक्षा खाली घसरण्याचे दुःख त्याला अधिक तीव्रतेने जाणवते. यूकॉनची ती पातळी म्हणजे थेट राष्ट्रीय विजेतेपद. त्याहून वर जाण्यास जागाच नाही. त्यामुळे विजयानंतर जे वाटते ते समाधानापेक्षा सुटकेच्या जवळचे असते.

गणित काय सांगते?

अपेक्षा किती अवास्तव असतात, हे साध्या गणितानेही उमगते. राष्ट्रीय स्पर्धा बाद पद्धतीने खेळवली जाते. विजेतेपदासाठी मुख्य फेरीतील सहा सामने सलग जिंकावे लागतात; एक हरला की मोसम संपला. एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता तब्बल ९० टक्के आहे असे मानले, तरी सहाही सामने जिंकण्याची शक्यता सुमारे ५३ टक्केच भरते. ही शक्यता ९५ टक्के धरली तर विजेतेपदाची शक्यता ७३ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे वीसपैकी एकोणीस सामने जिंकण्याची ताकद असलेला संघही साधारण चार वर्षांतून एकदा विजेतेपदाविना परतणार. असा संघ सलग चार वर्षे विजेता ठरण्याची शक्यता तर तीस टक्क्यांच्याही आत आहे.

तरीही २०१३ ते २०१६ या काळात यूकॉनने सलग चार विजेतेपदे पटकावली. ब्रिआना स्टुअर्टने विद्यापीठात पाऊल ठेवतानाच चार वर्षांत चार विजेतेपदे जिंकण्याचा मनोदय जाहीर केला होता आणि तो तिने खरा करून दाखवला. चारही वेळा 'फायनल फोर'मधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान तिलाच मिळाला. ही कामगिरी असाधारण होती यात शंका नाही. पण असाधारण गोष्ट चार वेळा घडली की पाहणाऱ्याला ती साधारण वाटू लागते. त्यानंतर आलेल्या मुलींची तुलना होत राहिली ती याच चार वर्षांशी.

जिंकणेही दोषास्पद

मार्च २०१६ मध्ये यूकॉनने राष्ट्रीय स्पर्धेत मिसिसिपी स्टेटचा ९८-३८ असा साठ गुणांनी धुव्वा उडवला. त्या दिवशी बोस्टनच्या एका ज्येष्ठ क्रीडा पत्रकाराने, हा संघ महिलांच्या खेळाचे नुकसान करीत आहे, अशा आशयाचे मत समाजमाध्यमावर मांडले. सामने एकतर्फी होतात, म्हणून ते पाहण्यात रस उरत नाही, असा त्याचा सूर होता. एखाद्या पुरुष संघाच्या वर्चस्वाचे 'सुवर्णयुग' म्हणून गुणगान होते. मग मुलींच्या वर्चस्वावर आक्षेप का, असा प्रतिप्रश्न तेव्हा अनेकांनी केला. संघापुढील पेच मात्र खरा होता. हरल्या तर अपेक्षाभंग आणि मोठ्या फरकाने जिंकल्या तर खेळाची हानी!

या वादाला उत्तर मिळाले ते मैदानावर. साठ गुणांनी हरलेला तोच मिसिसिपी स्टेटचा संघ बरोबर एक वर्षाने डॅलसमध्ये यूकॉनची मालिका खंडित करून गेला. बलाढ्य संघ इतरांना मागे ढकलतो असे नव्हे. तो त्यांना वर यायलाही भाग पाडतो, हे त्या एका वर्षात दिसले.

कोवळे खांदे

व्यावसायिक संघात अनुभवी खेळाडू दहा-पंधरा वर्षे टिकतात. महाविद्यालयीन संघ मात्र सतत बदलतो. साधारण चार वर्षांनी मुली पदवी घेऊन निघून जातात. प्रशिक्षक तेच, गणवेश तोच, छताला टांगलेली विजेतेपदांची निशाणेही तीच. पण ती निशाणे मिळवणाऱ्या मुली वेगळ्या आणि त्यांच्याखाली सराव करणाऱ्या वेगळ्या. दुसऱ्यांनी कमावलेल्या कीर्तीचे हप्ते नव्या मुलींना फेडावे लागतात.

या ओझ्याचा अंदाज सर्वांत आधी ज्यांना आला, त्यांत एलेना डेल डॉन हिचे नाव घ्यावे लागेल. २००८ मध्ये शालेय स्तरावरील देशातील अव्वल खेळाडू म्हणून ती यूकॉनमध्ये दाखल झाली आणि दोनच दिवसांत घरी परतली. लहानपणापासून चाललेल्या खेळाचा तिला शीण आला होता. अंध, कर्णबधिर आणि सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त असलेल्या थोरल्या बहिणीपासून दूर राहणेही तिला असह्य होते. तिने गावाजवळच्या डेलावेअर विद्यापीठात प्रवेश घेतला, वर्षभर चक्क व्हॉलीबॉल खेळली आणि मग स्वतःच्या इच्छेने बास्केटबॉलकडे वळली. पुढे ती व्यावसायिक लीगमध्ये, अर्थात 'डब्ल्यूएनबीए'मध्ये, २०१५ आणि २०१९ अशी दोनदा सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१६च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातही ती होती आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते खुद्द ऑरिएमा! शिखरावर पोहोचण्याचा मार्ग एकच नसतो, हे तिने दाखवून दिले.

अलीकडच्या काळात या ओझ्यात नवी भर पडली आहे. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली आणि २०२५ पासून विद्यापीठांनाही त्यांना थेट मोबदला देता येऊ लागला. हा न्याय झाला. परंतु पैसा आला की 'त्या तर विद्यार्थिनीच' ही ढालही पातळ होते. २०१८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यांना खेळांवरील सट्टा कायदेशीर करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर पैज हरलेल्या अनोळखी माणसाची शिवीगाळ थेट खेळाडूच्या मोबाइलवर येऊन पडू लागली. २०२४चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षाही हा आकडा मोठा होता. प्रेक्षक वाढले, तसे परीक्षकही वाढले.

टेनेसीचा धडा

अपेक्षांचा वारसा किती जड असतो, याचे दुसरे उदाहरण यूकॉनच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याचे. पॅट समिट यांनी १९७४ मध्ये अवघ्या बाविसाव्या वर्षी टेनेसीच्या संघाची सूत्रे हाती घेतली आणि ३८ मोसमांत १,०९८ विजय व आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०११ मध्ये त्यांना अल्झायमरने ग्रासल्याचे जाहीर झाले. २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जागी आलेल्या हॉली वॉर्लिक या त्यांच्याच जुन्या शिष्या आणि सहायक. संघाला त्यांनी तीनदा अखेरच्या आठांत नेले, पण २०१९ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. पाठोपाठ आलेल्या केली हार्पर यांनी खेळाडू म्हणून समिट यांच्या हाताखाली तीन विजेतेपदे जिंकली होती. त्यांनाही २०२४ मध्ये जावे लागले. २००८च्या विजेतेपदानंतर २०२५ अखेरपर्यंत टेनेसीला 'फायनल फोर' गाठता आलेली नव्हती. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात या प्रशिक्षकांचा कदाचित सत्कार झाला असता. टेनेसीत त्यांची गाठ प्रतिस्पर्ध्यांशी होती, तशीच एका स्मृतीशीही होती.

नऊ वर्षांचा 'दुष्काळ'

२०१६ नंतर यूकॉनला विजेतेपदासाठी नऊ वर्षे थांबावे लागले. या काळाचे वर्णन सर्रास 'दुष्काळ' असे झाले. प्रत्यक्षात काय घडले? करोनामुळे २०२०ची स्पर्धा रद्द झाली. २०१७ ते २०२४ या काळात झालेल्या सात स्पर्धांपैकी सहांत हा संघ अखेरच्या चारांत होता. २०२२ मध्ये तर तो अंतिम सामना खेळला. साउथ कॅरोलायनाकडून झालेला तो पराभव हा अंतिम सामन्यातील त्यांचा पहिलाच. त्याआधीचे अकराही अंतिम सामने त्यांनी जिंकले होते. बहुतेक विद्यापीठांना जे यश शतकभरात लाभत नाही, त्याला येथे दुष्काळ म्हटले गेले!

या वर्षांचा चेहरा होती पेज ब्युकर्स. पहिल्याच मोसमात देशातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवणाऱ्या या मुलीला डिसेंबर २०२१ मध्ये गुडघ्याची दुखापत झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटल्याने तिचा पुढचा संपूर्ण मोसम बुडाला. तिची सहकारी अझी फड हिच्याही वाट्याला असाच मोसम आला. २०२३ मध्ये संघाने लागोपाठ दोन सामने गमावले. असे जवळजवळ तीस वर्षांत घडले नव्हते. त्याच वर्षी ओहायो स्टेटकडून हरल्याने सलग चौदा स्पर्धांत 'फायनल फोर' गाठण्याची परंपराही तुटली.

बाहेरून पाहता ही घसरण होती. पण या परंपरा तुटल्या तेव्हा त्यांच्या जपणुकीचे ओझेही उतरले, हे नाकारता येत नाही. २०२४-२५च्या मोसमात संघाने तीन सामने गमावले, त्यांत टेनेसीविरुद्धचा एक. मात्र राखायला कोणतीही मालिका नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात त्यांनी यूसीएलएला ८५-५१ असे नमवले आणि ६ एप्रिल २०२५ रोजी टँपा येथे गतविजेत्या साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असे हरवून बारावे विजेतेपद मिळवले. फड आणि पहिल्या वर्षाची सारा स्ट्राँग यांनी प्रत्येकी २४ गुण नोंदवले. ब्युकर्सचा हा अखेरचा महाविद्यालयीन सामना आणि पहिलेच विजेतेपद.

ओझे पेलण्याची रीत

यूकॉनची कार्यपद्धती पाहिली की अपेक्षांना तोंड देण्याची एक रीत हाती लागते. या संघाचा सराव विद्यापीठातील मुलांच्या गटाविरुद्ध होतो. उंच, वेगवान आणि दणकट मुलांशी रोज झुंजल्यावर सामना तुलनेने सोपा वाटावा, हा हेतू. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे मोजमाप कोणाचे मानायचे हा निर्णय. गुणफलक आणि वृत्तपत्रे निकाल सांगतात. सराव मात्र बचाव, चेंडू देण्या-घेण्यातील अचूकता आणि सहकाऱ्यासाठी घेतलेली धाव यांचा हिशेब ठेवतो. निकाल पूर्णपणे आपल्या हाती नसतो, प्रयत्नांचा दर्जा बराचसा असतो.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहेत. अशी कठोर शिस्त प्रत्येकीला मानवतेच असे नाही. डेल डॉनचे उदाहरण समोर आहे. थकलेल्या मुलीला 'थकले' असे म्हणता यावे, घरी जावेसे वाटल्यास जाता यावे आणि त्याची लाज वाटू नये, ही जबाबदारी संघव्यवस्थापनाची, पालकांची आणि चाहत्यांचीही आहे. दरवर्षी विजेतेपद मागणारा प्रेक्षक त्या ओझ्याचा एक वाटेकरी असतो, हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही.

साउथ कॅरोलायनानेही आता हा अनुभव घेतला आहे. डॉन स्टॅली यांच्या प्रशिक्षणाखाली २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये विजेता ठरलेला हा संघ २०२३ मध्ये ३६ विजयांनंतर उपान्त्य सामन्यात आयोवाकडून हरला आणि तेथेही 'काय चुकले?' ही चर्चा झडली. अपेक्षांना विद्यापीठाचे नाव लागत नाही. जो जिंकतो त्याच्याकडे त्या वस्तीला येतात. बारावे निशाण छताला लागले त्याच वर्षी स्टॉर्समध्ये नव्या मुलींची तुकडी दाखल झाली. त्या बारापैकी एकही त्यांनी जिंकलेले नव्हते. पण तेराव्याची विचारणा होणार होती ती त्यांच्याकडेच.

दृष्टिक्षेपात यूकॉन

प्रशिक्षक : जीनो ऑरिएमा (१९८५ पासून)
पहिली 'फायनल फोर' : १९९१
विजेतेपदे (२०२५ अखेर) : १२ – १९९५, २०००, २००२, २००३, २००४, २००९, २०१०, २०१३, २०१४, २०१५, २०१६, २०२५
अपराजित मोसम (२०२५ अखेर) : ६ – १९९५, २००२, २००९, २०१०, २०१४, २०१६
प्रदीर्घ विजयमालिका : १११ सामने (२०१४ ते २०१७)